शेकोटीची कढई

मी कढई बोलतेय. तेल, जिलेबी, गंज आणि जाळ, सगळं पाहून झालेली.

शहागंजात मुनीबभाईंचं जिलेबीचं दुकान होतं. मी त्यांच्या भट्टीवरची, रुंद आणि बसक्या बुडाची. मुनीबभाई वारले, दुकान बंद झालं आणि मी त्यांच्या गच्चीवर पालथी पडले. पावसानं गंजले. माझ्या पाठीवर कबुतरं बसू लागली.

त्यांची मुलगी वहिदा दवाखान्यात नर्स आहे. तिच्यासोबत काम करणारी मीनाक्षी मुकुंदवाडीला राहते. या दोघींना सुट्टीत तंबू घेऊन डोंगरावर राहायचा नाद लागला. मीनाक्षीचा नवरा वैजनाथ वाळूजला वेल्डर. एकदा गच्चीवर मला बघून तो म्हणाला, "ही लई कामाची आहे. जमिनीवर जाळ केला की गवत पेटायची भीती. हिला पाय लावतो, शेकोटी हिच्यातच करू."

वहिदाची आम्मी म्हणाली, "ले जाओ. पण मी पण येणार."

अशी मी पुन्हा तापले. खुलताबादच्या पुढं सांडू नावाच्या शेतकऱ्याचा माळ होता, तिथं त्याला विचारूनच आम्ही उतरायचो. माझ्याभोवती बसली की माणसं फोन खिशात ठेवतात आणि एकमेकांकडं न बघता जाळाकडं बघत बोलतात. घरात कधी न निघालेल्या गोष्टी तिथं निघतात. आम्मी मुनीबभाईंबद्दल बोलायची, तेव्हा कुणी मधे तोंड घालत नसे.

मार्चमधली ती सकाळ मात्र अजून माझ्या अंगावर येते. गवत पिवळंधमक वाळलेलं. वहिदा रिकामे कॅन घेऊन खाली सांडूच्या विहिरीवर गेली होती. आम्मीचा गुडघा सुजलेला, म्हणून ती तंबूत पडून होती. वैजनाथला दुपारच्या शिफ्टला पोचायचं होतं. त्यानं माझ्यात डोकावून पाहिलं. वर पांढरी राख.

"गार झाली," तो म्हणाला.

नव्हते झाले. राखेखाली बाभळीच्या खोडाचा निखारा लालबुंद होता. मला तो बुडाशी जाणवत होता. पण मला तोंड कुठं आहे?

"अहो, वहिदाला पाणी घेऊन येऊ द्या की," मीनाक्षी म्हणाली.

"नुसती राख आहे गं. तिची वाट बघत बसलो तर उशीर होईल."

त्यानं मला कान धरून उचललं आणि गवताच्या कडेला रिकामं केलं. मग तो गाडीत सामान भरायला वळला. वारा सुटला. आधी बारीक धूर निघाला, मग तडतड आवाज. लख्ख उन्हात ज्वाळा दिसतच नव्हत्या, फक्त गवत काळं पडत पुढं सरकत होतं. आम्मीच्या तंबूकडं.

मीनाक्षी धावली. तंबूची चेन अडकली होती. तिनं दोन्ही हातांनी कापड ओढून फाडलं. आम्मीला उभं राहता येईना, म्हणून तिला सतरंजीसकट ओढत उघड्या कातळावर नेलं. वैजनाथ चादरीनं गवत झोडपत होता, पण त्यामुळं ठिणग्या आणखीच उडाल्या आणि चादरच पेटली.

"चादर फेक," कातळावरून आम्मी ओरडली. "माती डाल, बेटा, माती."

मग त्यानं मला धरलं. नखांनी मुरूम खरवडून माझ्यात भरायचा आणि जाळावर ओतायचा. पुन्हा भरायचा. माझे कान तापले, त्याच्या तळव्यांची कातडी मला चिकटली. तरी त्यानं मला सोडलं नाही.

धूर बघून वहिदा चढावरून पळत आली. निम्मं पाणी वाटेत सांडलं होतं. उरलेलं तिनं तंबूच्या बाजूला फेकलं. तोवर तंबूचा कोपरा वितळला होता. गवतातली आग बैलगाडीच्या वाटेपाशी येऊन विझली. काळ्या पडलेल्या जागेवर एक टिटवी ओरडत घिरट्या घालत राहिली. तिचं काय जळालं ते सगळ्यांना कळलं.

दुसऱ्या कॅनच्या तळाशी अजून थोडं पाणी होतं. वहिदानं ते वैजनाथच्या हातांवर धरलं.

"वहिदा, मी..."

"आत्ता नको बोलू. हात हलवू नको."

परतीच्या वाटेवर ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.

मी पुन्हा गच्चीवर गेले. थंडी आली तरी मला कुणी हात लावेना. शेवटी आम्मीनंच वैजनाथला बोलावून घेतलं. तो दारातच उभा राहिला, हात पाठीमागं घेऊन.

"आत ये. हात दाखव," आम्मी म्हणाली. तिनं ते आपल्या मांडीवर घेऊन नीट पाहिले. "भट्टी पे जले सो हातां मैं बहुत देखी, बेटा. जळलेला माणूस भट्टी सोडून पळाला, तर दुसऱ्याला कोण शिकवणार? चल, मला माळावर ने."

वहिदा तिथंच होती. ती म्हणाली, "या वेळी पाणी आधी भरायचं. जाळ नंतर."

मागच्याच रविवारी आम्ही जाऊन आलो. सकाळी वैजनाथ माझ्याजवळ उकिडवा बसला. त्यानं पाणी ओतलं, काठीनं राख ढवळली. माझ्या पोटातून वाफ निघाली. मग त्यानं डाग पडलेला हात माझ्या राखेत घातला, पार बुडापर्यंत.

"झाली का गार?" वहिदानं विचारलं.

मी गप्प. कढईला बोलता येत नाही. म्हणून माझ्याभोवती बसणाऱ्यांनो, मला असंच हात लावून विचारत जा.

वैजनाथनं हात बाहेर काढला नाही. "वाटतीये," तो म्हणाला. "तरी अजून एक कॅन दे."