बाया आल्या होत्या का?

‘बाया आल्या अंगणी, मोती आणले ओंजळी...’

शेजारच्या रखमाकाकू तापलेल्या छोट्या वैशालीच्या अंगावरून कडुलिंबाचा पाला फिरवत गायच्या. करी रोडच्या त्या लहानपणीच्याच चाळीत टेबल मांडून बसलेल्या डॉक्टर वैशालीला तो आवाज आज आठवला.

वस्तीत किती जणांच्या रक्तात कांजिण्यांविरुद्धची प्रतिकारशक्ती आहे, हे ती मोजत होती. गेल्या आठवड्यात चाळीतल्या म्हाताऱ्यांनी ‘कांजिण्या कधीच नाही झाल्या’ म्हणून सांगितलं, पण त्यांच्या रक्तात तर ती शक्ती भरभरून सापडली. उत्तरं जुळली नाहीत तर ही चाळ पाहणीतून वगळू, असं वरिष्ठ म्हणाले होते.

रखमाकाकू पुन्हा समोर बसल्या. वैशालीने आज कांजिण्यांचं नावच न घेता विचारलं, “काकू, लहानपणी बाया आल्या होत्या?”

“इलल्यो ना गो! अंगभर मोती! बायांका देव मानतव आमी; रोगाचा नाव घेतला तर रागावतत, म्हणान नाय म्हटलंय.”

रांगेत हशा पिकला. मग एकेक जण हसत हसत सांगू लागला, आणि उत्तरं रक्ताशी जुळत गेली.

काकू मागे वळल्या. “भिवाभाऊ, तुमी तर बाया म्हटला की भांडूक उठायचास!”

वैशालीचे वडील बाही वर सारत पुढे आले. लेकीचं कौतुक त्यांनी तिच्या तोंडावर कधी केलं नव्हतं.

“रोगच आहे तो, वहिनी. पण तुमच्याकडून खरं वदवायला माझीच लेक लागली.” मग तिच्याकडे बघत ते हळूच म्हणाले, “अभिमान वाटतो गं तुझा. पहिल्यापासून वाटतो.”