घरंगळलेल्या बॅटरीचा उजेड

मी बॅटरी बोलतेय. दिंद्रुडच्या मन्मथअप्पांच्या किराणा दुकानातली, स्टीलची, तीन सेलची. सांगायची इतकी घाई झालीय की बटण दाबायच्या आधीच पेटेन!

माजलगावच्या बाजारात माझ्यासारख्या दहा जणींना पेटवून पाहून अप्पांनी मला निवडलं. लाइट गेली की ते गिऱ्हाइकाच्या थेट तोंडावर उजेड मारायचे आणि म्हणायचे, "वळख पटल्याबिगर साखर न्हाई!" दुकानात राहून मलाही बोलायची सवय लागली. तेवढं सोसा.

यंदा आमच्या गल्लीत डेंग्यू आला. आधी दोन लेकरं, मग मुंजाजी, आणि चौथ्या आमच्या बसम्माकाकू, अप्पांच्या घरच्या. त्यांना बीडला दाखल केलं, मुलगा सोमेश्वर सोबत गेला. डॉक्टरांनी बजावलं, "डास कुठं होतायत ते शोधा. नाहीतर घरातलं दुसरं माणूस घेऊन याल."

गावात नेमका त्याचाच अभ्यास चालला होता. एका कॉलेजची माणसं तीस गावांत, कुठल्या भांड्यात डासाच्या अळ्या होतात ते मोजत होती. आमच्याकडचं काम आशाताई विजयमालाकडं. अळ्या मोजायला वाकली आणि उजेडाला धरलेला तिचा मोबाईल गावातल्या म्हाळूच्या हौदात पडला. म्हणून अप्पांनी मला तिच्या हाती दिलं. काय फुगले मी!

मग मी घराघरांतल्या पाण्यात डोकावले. रांजण, टिपाड, कुंडी, टायर. उजेड पडला की अळ्या वळवळत तळाशी पळतात. आणि माणसं? पाहुण्याला हसून पाणी देतात, पण रांजणाचं झाकण काढा म्हटलं की कपाळाला आठ्या.

"गुरुवारी ड्राय डे बरं का," विजयमालानं पारावर सांगितलं. "सगळं रिकामं करायचं."

"न्हाई जमायचं, ताई," पप्पू म्हणाला. "ड्राय डे म्हणलं की आमी आदल्या दिशीच भरून ठिवतो!"

पार हसला. अप्पांच्या शेजारच्या तुळजाबाई मात्र तडकल्या. "नळाला आठ दिसाला पाणी येतंय. ते बी ओतून देऊ? कावून?"

"ओतू नका, मावशी. फडक्यानं गाळून दुसऱ्या भांड्यात घ्या, रांजण आतून घासा, परत भरा. अंडी कडेला चिकटलेली असतेत."

तुळजाबाईंनी तसंच केलं. तरी अप्पांच्या डोक्यातून एक गोष्ट जाईना. "डास तिच्याच रांजणातले हायेत," म्हणायचे. बोलणंच टाकलं अप्पांनी त्यांच्याशी.

शंभर घरं झाली. अळ्या सापडल्या त्या गावाच्या दुसऱ्या टोकाला, तीन घरांत. आमची गल्ली कोरी. मग ताप कुठून? विजयमाला हिरमुसून मला परत द्यायला आली आणि पेटलेलीच गल्ल्यावर ठेवली. तेवढ्यात सोमेश्वरचा फोन आला.

"अप्पा, आईच्या प्लेटलेट अजून उतरल्या."

अप्पा गर्रकन वळले. त्यांचं कोपर मला लागलं. मी खाली! काच तडकली, आणि घरंगळत थंड्याच्या बाटल्यांच्या फ्रिजखाली जाऊन पार मागच्या भिंतीला टेकले. समोर फ्रिजची ताटली होती, मागं पाणी गळतं ना, ते साठायची. पांढऱ्या प्लास्टिकमधून माझा उजेड आरपार गेला, आणि बाजूच्या भिंतीवर बोटाएवढ्या सावल्या नाचायला लागल्या!

विजयमाला मला काढायला जमिनीवर आडवी झाली होती. ती किंचाळलीच. "अप्पा! फ्रिज ओढा! आधी फ्रिज ओढा!"

फ्रिज ओढला. ताटलीत अळ्याच अळ्या. विजयमालाच्या मोजणीच्या कागदावर रांजण होता, टायर होता. फ्रिजला रकानाच नव्हता. तिनं तिथल्या तिथं पेनानं रेघ मारून नवा पाडला. सांजेपर्यंत गल्लीतले चारही फ्रिज ओढले. त्यातल्या तीन फ्रिजमागं तेच!

अप्पांनी आमची ताटली कोरड्या मातीत रिकामी केली, घासली, आणि ती हातात घेऊनच तुळजाबाईंच्या दारात उभे राहिले.

"मावशी, डास माझेच व्हते."

तुळजाबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग घिऊन जा की माघारी," त्या म्हणाल्या. "अन् चहा टाकलाय. पिऊन जा."

त्यानंतर आमच्या गल्लीतून दवाखान्यात कुणी गेलं नाही. सहाव्या दिवशी बसम्माकाकू घरी आल्या, भिंतीला धरून चालत. दुकानात पाय ठेवल्याबरोबर म्हणाल्या, "फ्रिज वाकडा कावून ठिवलाय?"

कॉलेजवाल्यांचे नवे कागद आलेत. तीसही गावांसाठी, आणि विजयमालाचा रकाना त्यात छापून! तिनं तो मला दाखवला, शपथ सांगते.

आता माझी काच तडकलेली, गळ्यात रबर, आणि मुक्काम फ्रिजशेजारच्या खिळ्याला. दर गुरुवारी अप्पा मला घेऊन वाकतात. तुम्हीही वाका हो. हे वाचून झालं की उठा आणि फ्रिजमागं उजेड टाका. फक्त मोबाईल घट्ट धरा. म्हाळूचा हौद आठवतोय ना?