तुळजाकाकूंनी छावणी धरली

"अगं, तुझी आईच हाय ती. खाती का काय तुला? घे की तिच्या हातनं," तुळजाकाकू म्हणाल्या. पण मनीनं तोंड फिरवलं ते फिरवलंच.

सत्यभामा वाटी धरून बसली होती. वाटीत कुरडयांचा गरम चीक आणि वर गुळाचा खडा. मी सोऱ्या दाबत होते. काकूंच्या आणि आमच्या घराची भिंत एकच, त्यामुळं त्यांच्या कुरडया म्हणजे माझ्याही कुरडया. त्या उन्हाळ्यात गावात टँकर कधी यायचा, कधी यायचाच नाही. गहू भिजवायचा आणि रोज त्याचं पाणी बदलायचं, म्हणजे चैनच. मी म्हटलंही होतं, "काकू, प्यायला पाणी न्हाई आन् तुमाला कुरडया सुचत्यात?" त्यावर म्हणाल्या, "गव्हाचं पाणी वाया कुठं जातं? शेळी पितीया. आन् माझ्या मनीला चीक आवडतो." झालं. पुढं बोलायची सोयच नाही.

सत्यभामानं पुन्हा घास पुढं केला. मनी उठली, काकूंच्या मांडीत जाऊन बसली आणि त्यांचा पदर ओढून म्हणाली, "आई, त्या बाईला सांग ना जायला."

आई म्हणजे तुळजाकाकू. ती बाई म्हणजे सत्यभामा, जिनं तिला नऊ महिने पोटात वागवलं ती.

सत्यभामानं वाटी खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि ती घरात गेली.

आता यात पोरीचा काय दोष? काकूंचा लेक बंकट आणि सून सत्यभामा दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे, खाली कारखान्यावर. गुढीपाडव्याच्या आगेमागे परत यायचे. पहिल्या खेपेला मनीला काकूंपाशी ठेवलं तेव्हा तिचं अंगावरचं दूध नुकतं तुटलेलं. मग दुसरा हंगाम. फोनवर बंकट रोज विचारायचा, "आई, जेवलीस का? आई, मनी कशीय?" पोरगी बाजूला बसून ऐकायची आणि तीही काकूंना आईच म्हणायला लागली. काकूंनी कधी टोकलं नाही. मी एकदोनदा बोलले, तर म्हणाल्या, "राहू दे गं विमल, लहान हाय."

सत्यभामा परत बाहेर आली ती उंबऱ्यातच थांबली. डोळे लाल, पण आवाज घट्ट.

"आत्याबाई, औंदा दिवाळीला मी मनीला संगं नेणार."

"फडावर?" काकूंचा हात थांबला.

"व्हय. समद्यांची लेकरं राहत्यात. हीबी राहील."

"अगं, पहाटं उसाच्या पाचटावर टाकशील लेकरू? गारठ्यात? तुमच्या टोळीतल्या रतनबाईचा नातू ट्रॅक्टरच्या चाकाखाली जाता जाता राहिला, तूच सांगितलंस मला."

"सांगितलं. मला काय दिसत न्हाई का?" सत्यभामाचा आवाज आता फुटला. "पर मपल्या लेकराला मी कोण हाय ते तरी कळंल. इथं ठिवून सुखरूप राहील, पर मपली राहणार न्हाई."

खरं सांगते, त्या वेळी मी सुनेच्या बाजूची होते. आई ती आई. पण फडावरची लेकरं मीही बघितलेली. काकूंनी माझ्या हातातला सोऱ्या घेतला. उरलेल्या कुरडया घातल्या, पण त्या दिवशी एकीचाही वेढा धड आला नाही.

दुपारी लिंबाखाली आम्ही दोघीच वाळत्या कुरडयांच्या राखणीला बसलो, तेव्हा त्या आपण होऊनच म्हणाल्या, "मी हूं दिली गं. ती आई म्हणायची, मी हूं द्यायची. लई बरं वाटायचं. बंकट बारका व्हता तव्हा मी रोजगारावर जायची, त्याला माझ्या सासूनंच सांभाळला. मला कुठं मिळाली व्हती सारखी सारखी हाक?"

"मग आता शिकवा पोरीला. आजी म्हण म्हणावं."

"शिकवून येतंय व्हय? मी डोळ्याम्होरं हाय तवर ती तिकडं जायची न्हाई." जरा वेळ त्या कावळे हाकत राहिल्या. "आन् न्हाई गेली, तर सून तिला फडावर न्हेती. दिवाळी काय लांब न्हाई."

दुसऱ्या दिवशी बंकट भाकरी न्यायला घरी आला. आमच्या गावच्या सोसायटीनं आष्टीच्या रस्त्याला माळावर जनावरांची छावणी काढली होती. हिरव्या जाळीचे मांडव, ज्याची त्याची दावण ठरलेली, आणि जनावरांबरोबर घरटी एक माणूस तिथंच मुक्कामी. काकूंच्या दोन गाई आणि वासरू तिथं होतं, आणि राखायला बंकट.

"उद्यापून छावणीवर मी राहते," काकू म्हणाल्या. "तू घरी ऱ्हा. तळ्यातला गाळ काढायचं काम निघालंय, त्याच्यावर जा."

"येडी का खुळी, आई? उन्हानं मरशील तिथं. लोक माझ्या तोंडात शेण घालतील, म्हातारीला जनावरात न्हेऊन बांधली म्हणून."

"घालू दे. धुऊन टाक."

"पर कावून? काय झालं काय?"

"मला गाईंची सय येती," काकू म्हणाल्या आणि आपलं लुगडं बोचक्यात बांधायला लागल्या.

सकाळी निघताना त्यांनी मनीला उचललं आणि सरळ सत्यभामाच्या कडेवर दिलं. पोरीनं जो टाहो फोडला! सगळी आळी दारात आली. "आई, आई" करून पोरीचा घसा बसला. काकूंनी एकदा मागं बघितलं असेल तर शपथ. मी बोचकं घेऊन मागून चालत होते आणि तोंडानं त्यांना बोलत होते. माळ आल्यावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "बोलून झालं असंल तर ऐक. सुनेला यातलं काय सांगू नको. कळलं तर ती मला आणाय यील. मग सगळं पाण्यात."

पाण्यात म्हणाल्या, आणि पाणी तर कुठंच नव्हतं. मला हसू आलं आणि रडूही.

गावाला काय, विषयच पाहिजे होता. सुनेनं सासूला हाकलली, हे पारावर दुपारच्या आत ठरलं. मुंजाजी सोसायटीचा चेअरमन, त्यानं तर बंकटला बोलावून चार गोष्टी सुनावल्या. सत्यभामा माझ्यापाशी येऊन रडली. "वैनी, आत्याबाई रुसल्या वं माझ्यावर. मी तसं बोलाय नको व्हतं." माझी जीभ वळवळत होती, पण शब्द दिलेला. मी म्हटलं, "रुसू दे. तू लेकरू बघ."

माझ्याही म्हशी छावणीवरच, त्यामुळं रोज भाकरी घेऊन मी जायचे. छावणीचं जिणं म्हणजे काय सांगावं! शेणाचा आणि धुळीचा वास, दुपारची जाळीतून येणारी झळ, आणि वैरणीचा ट्रॅक्टर आला की माणसांची झुंबड. वैरण म्हणून ऊसच यायचा. ज्या उसापायी लेक-सून हिवाळाभर परमुलखात, तोच ऊस काकू कोयत्यानं बारीक करून गाईंपुढं टाकत बसायच्या. मी दिसले की पहिला प्रश्न ठरलेला.

"जेवली का?"

"जेवली."

"कुणाच्या हातनं?"

सुरवातीला मी सांगायचे, बंकटच्या. मग एक दिवस सांगितलं, सत्यभामाच्या हातनं दूधभाकर खाल्ली. मग टँकरवर तिचा पदर धरून आली, मग तिच्याकडून वेणी घालून घेतली. प्रत्येक वेळी काकू म्हणायच्या, "बरं झालं." आणि वळून गाईच्या पाठीवरून हात फिरवायच्या, उगाचच.

एकदा त्यांनी विचारलं, "माझं नाव काढती का गं?"

"काढती की. सारखं," मी म्हणाले. देवानं मला त्या खोट्याची शिक्षा दिली तर मी ती खुशाल भोगीन.

आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सत्यभामा पुरणपोळ्या घेऊन छावणीवर आली. मनी कडेवर. सासूसमोर यायला बिचकत होती बिचारी. "आत्याबाई, सणाचं तरी घरी चला," म्हणाली. काकू म्हणाल्या, "गाईंचा सण कुणी करायचा?" मनी आधी आईच्या मानेत तोंड खुपसून बसली, मग ओळख पटली, खाली उतरली आणि वासराशी खेळायला लागली. काकू तिच्याकडं नुसत्या बघत होत्या. वाळल्या होत्या फार, पण त्या घडीला तोंडावर असं काही तेज आलं होतं म्हणता!

तेवढ्यात पलीकडच्या दावणीचा बैल बिथरला. दावं तुटलं. "धरा, धरा" म्हणून एकच ओरडा झाला, धूळ उडाली, माणसं पळाली. बैल आमच्या अंगावर आलाच नाही, तो वाटेकडं गेला. पण मनी भेदरली. वासराचं दावं सोडून ती किंचाळत पळत सुटली. "आई! आई!"

काकू एकदम उठल्या. दोन्ही हात पसरले. "ये गं माझ्या बया, ये!"

पोरगी त्यांच्या अगदी हाताशी आली, आणि बाजूनं तशीच पुढं पळाली. सत्यभामाच्या पायांना तिनं जी मिठी मारली ती सुटेना. सत्यभामा मटकन खाली बसली, पोरीला छातीशी घट्ट धरलं आणि मोठ्यानं रडायला लागली.

काकूंचे हात अजून पसरलेलेच होते. मला बघवेना. मग त्यांनी हळूच ते खाली घेतले, लुगड्याला पुसले आणि सुनेपाशी जाऊन बसल्या.

"आता दिवाळीला हिला ठिवून जाशील ना?"

सत्यभामानं मान वर केली. सासूच्या तोंडाकडं बघत राहिली. माझ्याकडं बघितलं. मी पदर डोळ्यांना लावला होता, तेवढ्यावरून तिला सगळं समजलं असावं. तिनं सासूचा हात धरला.

"ठिवशील ना?"

"ठिवते."

"तुला इसरणार न्हाई ती. मी बघते. फोन मनीच्याच हातात देत जाईन, रोज तुझ्याशी बोलंल."

सत्यभामानं डोळे पुसले, पोळ्यांचं फडकं सोडलं आणि एक पोळी मनीच्या हातात दिली. कानात काहीतरी सांगितलं. मनी अजून हुंदके देत होती, तरी दोन पावलं पुढं आली. पोळी पुढं धरली.

"घे, आजी."

काकूंनी दोन्ही हातांनी पोळी घेतली.

"लई ग्वाड झालीया गं," त्या म्हणाल्या. घास तर अजून तोंडात गेलाच नव्हता.