शिल्लक कैदी एक

हवालदारांना शेवटी क्वार्टर सोडावं लागलं. पण ते अजून घडलेलंच नाही असं धरून चालू. हवालदारही दोन वर्षं तसंच धरून चालले होते.

"सातची किल्ली द्या," नवे साहेब म्हणाले.

हवालदार कोठडी क्रमांक सातच्या दाराला पाठ लावून उभे राहिले. "आत कैदी आहे, साहेब."

"माहीत आहे. त्याच्यामुळेच माझं टेबल जिन्याखाली आहे."

तुरुंग बंद होऊन तिथे कार्यालय आलं, त्याला दोन वर्षं झाली होती. भिंतींना फिकट पिवळा रंग लागला, गजांना पांढरा. आवक-जावक तीन नंबरात गेली, आस्थापना चारमध्ये, आणि अंधारकोठडीत माहिती कक्ष उघडला. दारांच्या झडपा फक्त बाहेरून उघडत. त्यामुळे चहावाला झडपेतून पेला आत सरकवायचा आणि कारकून तो निमूट घ्यायचे. सवय लागायला आठवडाही लागला नाही.

राहिली फक्त सात. तुरुंग हलवताना कागदावर त्रेसष्ट कैदी निघाले आणि गाडीतून बासष्ट उतरले. त्रेसष्टावा म्हातारा आदल्याच दिवशी रुग्णालयात वारला होता. रुग्णालयाने तसं पत्र पाठवलं. पण तोवर पत्रं घेणारं टेबलच हललं होतं, म्हणून ते 'पत्त्यावर कोणी नाही' असा शेरा घेऊन परत गेलं. नोंदवहीत कैदी एक शिल्लक. कैदी आहे म्हणजे पहारेकरी हवा, आणि पहारेकरी आहे म्हणजे भिंतीमागचं दोन खोल्यांचं क्वार्टर त्याचं.

हवालदार खुलासा लिहायला बसलेही होते. अर्ध्यात त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि कागदाची घडी करून खडखडणाऱ्या खिडकीच्या फटीत बसवली.

तिची नजर जाऊन नऊ वर्षं झाली होती. पण त्या दोन खोल्यांत ती अशी वावरायची की नव्या माणसाला पत्ता लागू नये. एकदा चार दिवस मुलाकडे नेलं, तर पलंगावरून उठलीच नाही. "यांनी भिंती कुठं ठेवल्यात कुणास ठाऊक," म्हणाली.

तेव्हापासून हवालदार रोज गणवेश चढवून सातसमोर उभे राहत आणि संध्याकाळी वहीत लिहीत : 'कैदी एक. शांत.'

हळूहळू कार्यालयाला कैद्याचा हेवा वाटू लागला. "त्याची सुटायची तारीख तरी ठरलेली असेल," आस्थापनेतल्या बाई म्हणायच्या. आणि अख्ख्या इमारतीत नीट खिडकी होती ती फक्त त्याला.

तीच साहेबांना हवी होती.

हवालदारांनी कुलूप काढलं. आत झाडलेली फरशी, घडी घातलेली सतरंजी, पाण्याचा तांब्या.

"कैदी कुठंय?"

"वारला, साहेब."

"कधी?"

"दोन वर्षं झाली."

"आणि तुम्ही रोज 'शांत' म्हणून लिहिता?"

"त्यात खोटं काय आहे, साहेब?"

साहेब रागावले असते तर चौकशी लागली असती, आणि चौकशी म्हणजे आणखी पाच वर्षं. हवालदारांची सगळी भिस्त त्या रागावर होती. साहेब रागावले नाहीत. खिडकीत उभं राहून त्यांनी तिथल्या तिथे आदेश सांगितला : सदर कैद्याने दोन वर्षांत एकही तक्रार न केल्याने चांगल्या वर्तणुकीबद्दल त्याची मुक्तता करण्यात येत आहे. सबब पहारेकऱ्याचे पद रद्द. सबब क्वार्टर पंधरा दिवसांत रिकामे करावे. तेथे वाहने लावण्याचे योजिले आहे.

"मेलेला माणूस सुटतो?" बायकोने विचारलं. ती भांडी पुसून फळीवर लावत होती.

"कागदावर सुटतो."

"मग जित्यांनाच काय धाड भरलीये?"

"मुलाकडे जाऊ."

"त्यानं मला पलंग दिलाय. घर नाही दिलेलं." तिने शेवटचं पातेलं न चाचपडता जागेवर ठेवलं. "साहेबाला घर आहे का हो?"

"आहे की. मोठं आहे."

"मग त्याला ठाऊक नसणार."

हवालदारांनी कोरा कागद घेतला आणि एकतीस वर्षांच्या नोकरीत कमावलेल्या वळणदार अक्षरात लिहिलं :

'महोदय, कोठडी क्रमांक सातमधील कैद्याची मुक्तता झाल्याने तेथील एक जागा रिक्त झाली आहे. अर्जदारास तुरुंगाचा प्रदीर्घ अनुभव आहे. तरी सदर जागी अर्जदारास कैदी म्हणून दाखल करून घ्यावे. गुन्हा व मुदत आपल्या सोयीने ठरवावी. आपले टेबल खिडकीशी राहण्यास हरकत नाही. अर्जदार कोपऱ्यात बसेल. त्याच्या पहाऱ्यावर अर्जदाराच्या पत्नीची नेमणूक करून क्वार्टर तिच्या नावे कायम करावे, ही नम्र विनंती. तिला दिसत नाही. तथापि अर्जदार पळून जाणार नाही, याची तिला खात्री आहे.'