मास्तरीणबाईचं छापील कापड

"सरका गं बायांनो, आधी मास्तरीणबाईला भरू द्या. पगारवाल्या माणसाला येळ नसतो," दोरोफे म्हणाली आणि हापशावरच्या बाया फिदीफिदी हसल्या.

एनेलेसीनं बादली खाली ठेवली. "कसला पगार, दोरोफे? तुझं पोरगं रोज माज्यापाशी असतं. त्याला इचार, बाई दुपारी काय खाती."

"पोराला काय ठावं? तुज्या कमरेच्या कापडालाच इचारते की!"

एनेलेसीनं बादली हापशाखाली सरकवली. तिच्या कमरेला निळं कापड होतं. त्यावर छापलेली पिवळी मुलं एकमेकांचे हात धरून उभी. कासुंगू शहरातल्या शिबिरात एका संस्थेनं ते बालवाडीच्या बायांना वाटलं होतं. आमच्या भागात ज्या बाईच्या कमरेला संस्थेचं कापड, तिच्या घरात संस्थेचा पैसा, असा लोकांचा पक्का समज.

ही एनेलेसी चर्चच्या पडवीत आमच्या गावाची बालवाडी चालवते. नवरा दक्षिणेकडच्या देशात खाणीवर गेला तो गेलाच. सरकार तिला काही देत नाही आणि गावाकडे द्यायला पैसा नाही. गाव एकच करतं. पावसाच्या तोंडावर एका सकाळी घरटी एक माणूस कुदळ घेऊन तिच्या रानात उतरतो आणि सगळे मिळून मक्याचे वरंबे ओढून देतात. बाया आपापलं रान करत असतात तेव्हा ही त्यांची पोरं सांभाळते, त्याचा हा मोबदला. वरंबे झाले तर मका, आणि मका झाला तर तिच्या चुलीवर वर्षभर न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा.

यंदा कुणी उतरलंच नाही. गेल्या सालची धाटं तशीच उभी होती आणि आभाळ रोज संध्याकाळी काळं होऊन परत जात होतं.

हे सगळं सुरू झालं माझ्याच उंबऱ्यावर. शिबिराहून आल्यावर ती माझ्याकडे शेंगा सोलायला बसली होती. दोरोफेही होती. शिबिरात संस्थेच्या सायबानं भिंतीवर मोठा तक्ता लावला होता, कुठल्या देशात बालवाडीच्या बाईला काय मिळतं त्याचा.

"शेजारी झांबियात म्हणं फोनवर पगार येतो," एनेलेसी सांगत होती. "उशिरा येतो, पन येतो."

"आन दक्षिणेत?" दोरोफेनं लगेच विचारलं. दक्षिण म्हटलं की आमच्या बायांचे कान टवकारतात. निम्म्या गावाचे नवरे तिकडंच.

"तितं दर म्हैन्याला येतो. पन निम्मा खोलीच्या भाड्यात जातो. आन बर्फाच्या मुलखात तर मावशे, एका बाईच्या म्हैन्याच्या पगारात आपल्या अख्ख्या गावावर पत्रे पडतील! तरी त्या बाया पुरत न्हाई म्हणून रस्त्यावर येऊन वरडत्यात."

आम्ही इतक्या हसलो की मांडीवरच्या शेंगा सांडल्या.

"आन आपल्या देशाम्होरं काय लिवलं व्हतं?" मी विचारलं.

"रेघ. नुसती आडवी रेघ. सायबाला इचारलं तर म्हनला, तुमच्या सेवेचं मोल व्हत न्हाई. मग सरबत दिलं आन ह्ये कापड."

ती रेघ माझ्या उंबऱ्यावरच राहिली. गावात गेले ते फक्त पत्रे. रविवारी चर्चमधून बाहेर पडेपर्यंत एनेलेसीचा पगार गावावर पत्रे घालण्याएवढा झाला होता.

हापशावरच्या त्या बोलण्यानंतर ती गावप्रमुख साकालाकडे गेली. मी सोबत होते. म्हातारा झाडाखाली टोपली विणत बसला होता.

"आबा, माज्या रानात कुदळी कवा येनार?"

"लोकं ऐकंनात गं पोरी. म्हणत्यात, पगार घ्यायचा आन वर आमची मेहनत बी?"

"माज्या घरावर गवत हाय आबा. तुमी रोज बघता."

"मी बघतो. लोकं म्हणत्यात, पैका पुरून ठिवलाय."

मला संताप आला. मी म्हाताऱ्याला चार शब्द सुनावले. एनेलेसीला काहीच आलं नाही, ना राग ना रडू. वाटेत मी विचारलं, "काय वाटतं गं तुला?"

"काय न्हाई, मावशे."

दुसऱ्या दिवशी तिनं पडवी उघडलीच नाही. कुदळ घेऊन रानात गेली. पोरं तिच्या मागोमाग गेली, कारण त्यांच्या लेखी बाई असेल तिथं शाळा. ती बांधावर बसून हात धुण्याचं गाणं म्हणत राहिली. बाईनं त्यांना थांबवलं नाही आणि सूरही धरला नाही. जमीन वाळून दगड झालेली. दुपारपर्यंत कोपरा तेवढा उकरून झाला होता.

तेवढ्यात दोरोफे कुदळ घेऊन आली. माझं रान लागूनच, मी पाहत होते. म्हटलं, चला, एकीला तरी लाज वाटली.

"मास्तरीणबाई," दोरोफे म्हणाली, "मला मजुरीला लावा. घरात पीठ न्हाई. तुमच्या पगारात आमचे बी दोन घास."

एनेलेसीनं कुदळ खाली ठेवली. मग तिनं कमरेचं कापड सोडलं. आत जुना विटका घागरा होता. कापडाची घडी करून तिनं दोरोफेच्या हातात दिली.

"येवढंच हाय माज्यापाशी. ह्ये इकून पीठ घे."

खोटं कशाला बोलू, दोरोफेनं अंधार पडेपर्यंत चोख काम केलं. पण कापड तिनं विकलं नाही. सकाळी नेसून हापशावर आली.

मग काय! एनेलेसीची नोकरी गेली आणि दोरोफेला लागली, ही बातमी चुली पेटायच्या आत घरोघर पोचली. ऊन चढेपर्यंत एनेलेसीच्या रानात गाव लोटलं. पुढं साकाला, मागं कुदळीच कुदळी.

"जाऊ दे पोरी," म्हातारा तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला. "परक्याच्या पगाराचं असंच असतंय. आज हाय, उद्या न्हाई. गाव हाय ना तुज्या पाठीशी."

न लागलेली नोकरी गेली म्हणून बाया तिच्या गळ्यात पडून डोळे पुसत होत्या. मी तिच्या कानाशी लागले, "सांगू का यांना खरं काय ते?"

"नगं मावशे. आधी वरंबे हुंदेत."

दुपारी शेवटचा वरंबा झाला आणि रात्री पाऊस कोसळला.

दुसऱ्या दिवशी हापशावर दोरोफे तेच कापड नेसून उभी होती. "माजं निम्मं रान तसंच पडलंय गं. कुनी चार हात लावा की," ती म्हणत होती.

"तुला काय कमी? आता तू पगारवाली!" कुणीतरी म्हणालं.

"मला कुठला आलाय पगार?" दोरोफे ओरडली, आणि बाया फिदीफिदी हसल्या.

एनेलेसी हसली नाही. तिनं आपली बादली हापशाखालून बाजूला घेतली.

"भर तू आधी," ती म्हणाली. "तुला येळ नसंल."

तिच्या आवाजात टोमणा असेल म्हणून मी कान देऊन ऐकलं. नव्हता. काहीच नव्हतं.