मिठाच्या वखारीची किल्ली

ते साल एकोणीसशे ब्याण्णव. न्यूफाउंडलंडमध्ये सरकारने कॉड मासा धरायला बंदी घातली आणि हॅगर्स कोव्हच्या होड्या धक्क्यावर पालथ्या पडल्या. रिकाम्या हातांना कोणीतरी वैरी लागतोच. गाव म्हणालं, मासा सीलांनी खाल्ला.

गावातली बारा घरं सीलांचीच होती, कातडी उतरवून माणसांत राहणाऱ्या सीलांची, हे बाकीच्यांना ठाऊक नव्हतं. पोस्टातली बाई, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा, मासळीच्या कारखान्यातल्या कितीतरी बाया. आपापसांत ते स्वतःला खारे म्हणत, इतरांना कोरडे. त्यांच्या सीलकातड्या जुन्या मिठाच्या वखारीत एकत्र टांगलेल्या असत आणि किल्ली डॉर्कस मावशीच्या गळ्यात. कातडी घरी ठेवायची नाही, म्हणजे कोणाला एकट्याने पळता येत नाही की फितूर होता येत नाही. मावशी दर रविवारी कातड्यांवर समुद्राचं पाणी शिंपडायची. कातडी सुकली की मेली.

मावशीची भाची सेलिना हिने मात्र कोरड्याशी, गार्लंडशी लग्न केलं होतं. संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, "उद्या पहाटे थंब खडकावर जातोय आम्ही. एक सील जिवंत ठेवणार नाही."

"पिल्लं असतात रे तिथे."

"पिल्लं मोठी होऊन गवत खातात वाटतं?"

सेलिना ताटावरून उठली. त्या खडकावर तिची धाकटी बहीण फीबी होती, तान्ह्या लेकीला घेऊन. समुद्रात जन्मलेल्या पोरीची कातडी पहिला उन्हाळा सुटत नाही, म्हणून फीबीला किनारा बंद होता. कातडीत असताना माणसांची भाषाही कळत नाही. तिला सांगायला सीलच जायला हवी होती.

सेलिना पोचली तेव्हा मावशी घरी चर्चच्या विक्रीसाठी हातमोजे विणत बसली होती.

"मावशी, माझी कातडी दे."

"आली का आठवण? सात वर्षं कोरड्याची ऊब पुरली ना?"

"उद्या बंदुका घेऊन जाताहेत. फीबी मरेल गं!"

"मरेल. तू गेलीस आणि नवऱ्याने पाहिलं, तर बारा घरं मरतील."

"तुझी भाची आहे ती."

"तूही होतीस."

सेलिनाने तिच्या गळ्यातला किल्लीचा दोरा हिसडला. म्हातारी ओरडली नाही. भिंतीपलीकडे कोरडे राहत होते.

वखारीत सेलिनाची कातडी सुक्या मासळीसारखी कडक झाली होती. सात वर्षं मावशीने तिला पाणीच दाखवलं नव्हतं. तिच्या शेजारी ओली, तुकतुकीत अशी मावशीची कातडी. दुसऱ्याची कातडी घालू नये, हे खाऱ्यांचं पोरही जाणतं. सेलिनाने तीच चढवली.

खडकावर फीबीला वास आला तो मावशीचा, चाल मात्र परकी. दात विचकून ती अंगावर आली, लेकीजवळ फिरकू देईना. त्या हुसकाहुसकीत उजाडलं आणि गार्लंडची होडी आली. पहिली गोळी सेलिनाच्या उजव्या हाताच्या जागी असलेल्या परात शिरली. रक्त पाहून फीबीने लेकीला पाण्यात ढकललं आणि पाठोपाठ बुडी मारली. सेलिनाही मागोमाग निसटली.

गार्लंड घरी परतला तेव्हा सेलिना चुलीपाशी होती, उजव्या हाताला फडकं बांधून. त्याने फडकं सोडलं, तळहातातलं भोक बघितलं आणि खुर्चीत बसला.

"किती आहात तुम्ही?"

"मी एकटीच."

"खोटारडी."

"हो."

दुपारी तो बॅग भरून निघून गेला. दूर अल्बर्टा प्रांतात तेलविहिरींच्या कामावर राहिला. आईच्या दफनविधीला एकदा आला तेव्हा बायकोकडे त्याने पाहिलं नाही, पण गावात कोणापाशी कधी तोंडही उघडलं नाही. फीबी आणि तिची लेक पुन्हा किनाऱ्यावर चढल्या नाहीत. मावशीची भोक पडलेली कातडी पाणी धरेना आणि सुकून गेली. डॉर्कस मावशी वृद्धाश्रमात वारली. तोवर सेलिना रोज तिथे बादलीभर समुद्राचं पाणी घेऊन जायची. म्हातारी त्यात पाय बुडवायची आणि सेलिना जाईपर्यंत भिंतीकडे तोंड करून बसायची.

वखारीची किल्ली सेलिनाकडेच राहिली. तिने कुलूप काढून टाकलं. पाणी मात्र ती दर रविवारी शिंपडायची, डाव्या हाताने.