लहानूजींचं रबर

रायपूर नव्या राज्याची राजधानी होऊन चार-पाच वर्षं झाली होती आणि नव्या सुनेसारखं तिला रोज काहीतरी नवं लागत होतं. रुंद रस्ते लागले, गोल चौक लागले, चौकात कारंजी लागली. मग एक दिवस कुणाच्या तरी मनात आलं, की साहेबलोकांच्या मुलांना घोड्यावर बसता यायला हवं. झालं! तेलीबांध्याच्या पुढे, नव्या शहराकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, शेखरभैया नावाच्या हौशी जमीनमालकानं आपल्या शेतातल्या धानाच्या दोन बांध्या सपाट केल्या, भोवती बांबूचं कुंपण घातलं आणि चार घोडे आणून बांधले. घोडे शिकवायला माणूस आणला बूढ़ापाऱ्यातून, शहराच्या जुन्या वस्तीतून. लहानूजी.

लहानूजी मूळचे वर्ध्याकडचे. त्यांची सारी विद्या एका रबरात होती. ट्रकवाले मालावर ताणून बांधतात ना, तसली रबरी दोरी. तिच्यावर नवार शिवलेली, दोन्ही टोकांना चामडं आणि पितळी बक्कल. एक टोक घोड्याच्या पोटाखालच्या तंगाला, म्हणजे खोगीर आवळायच्या पट्ट्याला, तिथून दोर पुढच्या दोन पायांमधून वर, आणि दुसरं टोक तोंडातल्या लगामाच्या कडीला. घोड्यानं मान वर ताठ केली की रबर ओढणार, मान गोल करून खाली घेतली की रबर सैल पडणार. चामड्याचा दोर नुसता अडवतो, रबर मात्र समजूत काढतं, असं लहानूजी म्हणायचे.

त्या रबराच्या ताकदीच्या गोष्टी बूढ़ापाऱ्यात अजून सांगतात. एकदा म्हणे कुणीतरी चेष्टेनं त्याचं एक टोक पिंपळाला अडकवलं आणि दुसरं एका स्कूटरला. स्कूटर तलावाला अर्धा वळसा घालून गेली आणि तशीच मागच्या मागे पिंपळाशी येऊन उभी राहिली. स्वार शेवटपर्यंत पुढेच बघत होता. आता हे खरं मानायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं. स्कूटर अजून आहे.

पण रबर बांधायचा लहानूजींचा कायदा मोठा कडक होता. बांधायचं वीस मिनिटं, एकविसावं नाही. आणि ज्या हातानं बांधलं त्याच हातानं सोडायचं. शिकवणी संपली हे घोड्याला हात ओळखूनच कळतं. आता अडचण अशी, की लहानूजींनी जन्मात कधी घड्याळ घातलं नाही. ते काम शर्मिष्ठाचं होतं.

शर्मिष्ठा सव्वीस वर्षांची. शंकर नगरातल्या एका ऑफिसात फायली लावायची, ते सोडून घोड्यांच्या मागे लागली. तिचे वडील रेल्वेत गार्ड होते. त्यांचं मनगटी घड्याळ ती वापरायची. लहानूजी रबर बांधून रिंगणाच्या मधल्या दगडी ओट्याशी उभे राहायचे, शर्मिष्ठा कुंपणाशी. मधूनच ते विचारायचे, "शर्मिष्ठाबाई, किती झाले वं?" ती म्हणायची, "बारा." पुन्हा थोड्या वेळानं, "किती झाले वं?" "सतरा." आणि शेवटी ती हाक मारायची, "लहानूजी, झाली वीस मिनिटं!" ते होकार द्यायचे, "हव." मग जाऊन बक्कल सोडायचे. घोडा मान थेट जमिनीपर्यंत टाकायचा, नाकातून फुर्रर करायचा, आणि लहानूजी त्याच्या कपाळावर थाप देऊन म्हणायचे, "सुटला रे बाप्पा."

चैत्रातल्या एका मंगळवारी दुपारी चार वाजता लहानूजींनी जांभळीला रबर बांधलं. जांभळी म्हणजे गडद रंगाची, लांब मानेची घोडी, सगळ्यांत हळवी. बक्कल लावलं, दोन बोटं घालून ढील तपासली, ओट्याजवळ आले, ओट्यावर बसले आणि तिथेच गेले. ना हाक, ना हुंदका.

मग जी धावाधाव झाली तिच्यात कुणालाच घोडीची आठवण राहिली नाही. जीप, दवाखाना, लहानूजींच्या बायकोला, कमलाकाकूंना निरोप. सात वाजता शर्मिष्ठा रिंगणात परतली तेव्हा जांभळी जागच्या जागी उभी होती. मान गोल, हनुवटी छातीशी, अंगभर घाम, पाय थरथरताहेत. शर्मिष्ठाची बोटं बक्कलावर चालेनात. तिनं गवताचा विळा उचलला आणि रबर मधोमध कापलं.

कडीकडचा तुकडा खिळ्याला टांगला, तंगाकडचा जीपमध्ये टाकला, आणि कापलं हे कुणाला सांगितलं नाही. त्यातून दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी एक घोळ झाला. तिरडी बांधताना सुतळी कमी पडली. शेखरभैयांनी जीपमधून हाताला लागला तो दोरीचा तुकडा काढून दिला, आणि तिरडीचं पायाकडचं टोक त्यानं आवळलं. शर्मिष्ठानं ओळखलं. तंगाकडचा अर्धा भाग होता तो. बोलायला तोंड उघडलं तोवर चौघांनी खांदा दिला होता. रबर ते रबरच. प्रत्येक पावलाला तिरडी खाली-वर होऊ लागली आणि पाहणारे सांगतात, की लहानूजी घाटापर्यंत थेट दुडक्या चालीनं गेले. तिथे तो तुकडा त्यांच्याबरोबरच जळला.

त्यानंतरच्या पहिल्या दिवशी दुपारी चार वाजता जांभळी गवत खाता खाता थांबली. मोकळ्या रिंगणात, अंगावर खोगीर नाही, लगाम नाही. तिनं मान उचलली, मग हळूहळू गोल केली, हनुवटी छातीशी नेली आणि उभी राहिली. सात वाजेपर्यंत. सात वाजता शर्मिष्ठा जवळ गेली तर घोडीच्या छातीवरचे केस दबलेले होते. दोन पायांच्या मधून वर गेलेला सरळ, ओला, दोन बोटं रुंदीचा पट्टा. जिथं काहीच बांधलेलं नव्हतं तिथं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. कुंपणाशी पडून राहणारी कुत्री चार वाजले की उठून रस्त्यापलीकडे जाऊन बसत. ओट्यावर सगळीकडे धूळ साचायची, फक्त एका माणसाच्या बैठकीएवढी जागा स्वच्छ. शर्मिष्ठानं मनगटावरचं घड्याळ काढून डब्यात ठेवून दिलं. चार कधी वाजतात ते तिला कळायला नको होतं, पण कळायचंच.

महिना झाला. जांभळीच्या बरगड्या दिसायला लागल्या, मुलं तिच्यावर बसायला घाबरू लागली. शेखरभैयांनी डॉक्टर आणला. डॉक्टरनं मान दाबून पाहिली, तोंडात हात घालून पाहिलं, काही सापडलं नाही.

"देखो शर्मिष्ठा," शेखरभैया म्हणाले, "मैंने बहुत देख लिया. शनिवारी चार वाजता भट्टीवाल्याची गाडी येऊन राहिली. घेऊन जाईल तो."

"विटांच्या भट्टीवर? भैया, ती महिनाभर नाही टिकणार तिथं."

"आणि इथं टिकून राहिली काय? चार वाजता तिची मान सुटलेली दाखव मले. गाडी रिकामी परत पाठवतो. वचन."

शुक्रवारी, काय होतं ते बघावं म्हणून, शर्मिष्ठानं खिळ्यावरचं उरलेलं अर्धं रबर काढलं, कडीकडचं. जांभळीला लगाम चढवला, रबर कडीला अडकवलं आणि कापलेलं टोक तसंच लोंबत सोडलं. चार वाजले. वारा नव्हता. लोंबणारं टोक आधी हललं, मग आडवं झालं, मग सरळ ओट्याच्या दिशेला ताणलं गेलं. हवेत. विळ्यानं कापलेल्या कडेतले धागे थरथरत होते, जसे कुणाच्या मुठीत धरलेल्या दोरीचे थरथरतात. जांभळीनं मान गोल केली. शर्मिष्ठानं तिथून जी सायकल हाणली ती बूढ़ापाऱ्यात कमलाकाकूंच्या दारातच थांबवली.

कमलाकाकू सुपात तांदूळ पाखडत बसल्या होत्या.

"काहून वं, तोंड असं काहून झालं? घोडी अजून तसंच करून राहिली काय?"

शर्मिष्ठानं सगळं सांगितलं. विळा, तिरडी, आणि आत्ता पाहिलेलं. काकूंनी सूप खाली ठेवलं नाही.

"म्हणजे तिथं बसले आहेत. मले वाटलंच होतं. दहाव्याले जिलेबी ठेवली, तरी कावळा शिवला नाही. मी म्हटलं, जिलेबी सोडून हा माणूस अडकला कुठं?"

"माह्यामुळे अडकले, काकू. मी रबर कापलं म्हणून."

"कापल्यानं काय होते? इकडे ये, बस." काकूंनी तांदळातला खडा वेचून फेकला. "तुह्या काकाचं मी सांगतो तुले. चाळीस वर्षं आंघोळीचं पाणी तापलं म्हणून सांगितल्याशिवाय हा माणूस उठला नाही. जेवण झालं तरी पाटावर बसून. म्हणावं लागे, झालं आता, उठा. आमच्या लग्नात वरात दाराशी आली, तर घोड्यावरून उतरेनात. माह्या बापाले वाटलं, रुसले. रुसले कायचे! कोणी उतरा म्हटलं नव्हतं." त्या थांबल्या. "त्या दिवशी वीस मिनिटं झाली म्हणून तू सांगितलं होतं काय त्याईले?"

शर्मिष्ठाचा हात रिकाम्या मनगटावर गेला. दवाखान्याच्या बाकावर बसलेली असताना मनगटावर चार वीस झाले होते. तिनं ते पाहिलेही होते.

"मग काय! बसले असन वाट पाहत. हातात अर्धं रबर आहेच."

"गेलेल्या माणसाले हाक मारू, काकू?"

"मार. पण एकदाच मार. एकदा हाक मारली तर ते काम करून निघून जाईन. दुसऱ्यांदा मारली, तर मग तेच तुले हाका मारत बसन. जन्मभर."

शनिवारी शर्मिष्ठानं घड्याळाला चावी दिली आणि मनगटावर बांधलं. पावणेचारला भट्टीवाल्याची गाडी आली. मागचं फळकूट पाडून ड्रायव्हर बिडी ओढत उभा राहिला. शेखरभैया कुंपणावर हात टेकून उभे होते. शर्मिष्ठानं जांभळीला रिंगणाच्या मधे नेलं, अर्धं रबर कडीला लावलं आणि स्वतः कुंपणाशी, तिच्या नेहमीच्या जागी येऊन उभी राहिली.

चार वाजता टोक उठलं.

"अरे," शेखरभैया म्हणाले, आणि शर्मिष्ठाच्या बाजूला सरकले. ड्रायव्हरनं बिडी टाकली, फळकूट उचललं, गाडी सुरू केली आणि मागे न बघता वळवली. धूळ खाली बसेपर्यंत इंजिनाचा आवाज तेलीबांध्याकडे विरून गेला. भट्टीवाला मात्र दुसऱ्या ड्रायव्हरला घेऊन उद्या येणार, हे शर्मिष्ठाला ठाऊक होतं. मान सुटायला हवी होती.

रबर ताणलेलं. घोडीच्या घशातून बारीक आवाज येत होता. पाच मिनिटं. दहा. ऊन ओट्यावर होतं, आणि ओट्यावरच्या त्या स्वच्छ जागेवर मात्र नव्हतं. पंधरा. शेखरभैयांनी शर्मिष्ठाची बाही धरली होती आणि ते त्यांना कळलं नव्हतं. एकोणीस.

काटा विसावर आला. शर्मिष्ठानं हाक मारली.

ओठ हलले, श्वास गेला, शब्दही गेले असावेत. पण आवाज फुटला नाही. रबर तसंच. जांभळीनं डोळा फिरवून तिच्याकडे पाहिलं.

ही हाक मोजली गेली असेल का? विचार करायला वेळ नव्हता. एकविसावं मिनिट लागत होतं, आणि लहानूजींच्या कायद्यात एकविसावं मिनिट नव्हतं. शर्मिष्ठानं ओठ ओले केले आणि सगळं पोट आवळून ओरडली, "लहानूजी, झाली वीस मिनिटं!"

"हव."

ओट्याकडून आलं. साधं, रोजच्यासारखं, थोडं कंटाळलेलं.

रबर सैल पडून धुळीत गेलं. मग कडीजवळचं पितळी बक्कल वळलं, जीभ निघाली, चामडं सरकलं. जांभळीनं मान खाली टाकली, खाली, आणखी खाली, नाक मातीला लागेपर्यंत, आणि महिनाभराचा श्वास एकदम सोडला. फुर्रर! समोरची माती उडाली. तिच्या कपाळावरचे केस मधोमध दबले आणि परत उठले.

"कौन बोला?" शेखरभैयांनी विचारलं. "शर्मिष्ठा, हव किसने बोला?"

"भैया, घोडी राहणार ना?"

"राहीन, राहीन. मले फक्त घरी सोडून दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी खिळ्यावर रबर टांगलेलं होतं. अख्खं. मधे ना गाठ, ना शिवण. चामड्याला तेल लावलेलं, जसं लहानूजी लावायचे, आणि तंगाकडच्या अर्ध्या भागाला धुराचा वास. शर्मिष्ठानं त्याला हात लावला नाही. कुणीच लावला नाही. मुलांसाठी भैयांनी नवं रबर आणलं. जांभळी चार वाजता चरत राहिली, पाच वाजता चरत राहिली, आणि पुढच्या महिन्यात एका साहेबांच्या मुलीला पाठीवर घेऊन रिंगणभर डुलत फिरली. बूढ़ापाऱ्यात कावळ्यांनी कमलाकाकूंच्या ओसरीवरून जिलेबी पळवली. काकूंनी निरोप धाडला, गेले एकदाचे.

पण काकूंना हाकांचा हिशेब माहीत नव्हता. शर्मिष्ठाला होता.

पुढे एकदा त्याच मुलीला पाठीवर बसवून ती जांभळीला धरून उभी होती. नवं रबर तिनं स्वतःच्या हातानं बांधलेलं. ऊन उतरत होतं, रस्त्यावरून नव्या शहराकडे ट्रक जात होते. मुलगी वर पाठ वाकवून बसली होती. भैया चहाला गेले होते. आणि पाठीमागून, ओट्याकडून, रोजच्या आवाजात कुणीतरी विचारलं,

"शर्मिष्ठाबाई, किती झाले वं?"

घोडीचे कान ओट्याकडे वळले. शर्मिष्ठानं मागे पाहिलं नाही. मनगट वळवलं, वडिलांच्या घड्याळात पाहिलं.

"बारा," ती म्हणाली.

"दीदी, किससे बात कर रही हो?" मुलीनं वरून विचारलं.

"पाठ सीधी रखो," शर्मिष्ठा म्हणाली, आणि सतराची वाट पाहू लागली.